आठ सेकंदांत न दिसलेली अकरा माणसे

छत्तीस सालचा फेब्रुवारी, दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. ठरलेली रक्कम छत्तीस रुपये: फोटोच्या तीन प्लेटा, प्रत्येकी बारा, बल्बसकट. हजर: मिलचे मॅनेजर, मागखात्याचा जॉबर म्हणजे मुकादम शिवप्पा, मागांवरचे चोवीस विणकर आणि मी. हे आठवणीवरून लिहीत नाही. माझ्या वहीत तसे लिहिलेले आहे. पुढचे सगळे चोवीस या आकड्यावरून झाले, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

मिलचे नाव लिहीत नाही, मॅनेजरांचेही लिहीत नाही. सोलापुरात मिली काही एकदोन नाहीत, आणि मला कोर्टाची पायरी चढायची हौस नाही.

माझा स्टुडिओ चाटी गल्लीच्या तोंडाशी. लग्नाची जोडपी, शाळांचे ग्रूप, दुकानदार आपल्या गादीवर, असे माझे काम. मिलचे काम प्रथमच आले होते. तीन फोटो हवे होते. एक फाटकाचा, एक मागखात्याचा आणि एक कचेरीचा. कचेरीचा फोटो मुंबईचे डायरेक्टर शनिवारी येणार तेव्हा घ्यायचा होता. फाटकाचा सोपा. मागखात्याचा अवघड, आणि तो का अवघड ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

मागखाते म्हणजे मोठी लांबलचक शेड. उजेड छपरातल्या काचांतून येतो, तोही उत्तरेकडचा, मंद. आठ-आठ मागांच्या सहा रांगा. मॅनेजरांची अट अशी की पहिल्या रांगेपासून सहाव्या रांगेपर्यंत सगळे माग स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि ते चालू असले पाहिजेत. जवळचे आणि लांबचे एकदम स्पष्ट हवे तर लेन्सचे भोक अगदी बारीक करावे लागते. भोक बारीक केले की आत उजेड कमी येतो, म्हणून लेन्स जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. मी हिशेब केला. आठ सेकंद.

पण नुसत्या त्या उजेडात पुढच्या माणसांचे चेहरे काळे पडतात. त्यासाठी फ्लॅश. लग्नात मी पत्र्याच्या तबकात पूड पेटवतो तशी इथे चालत नाही. हवेत कापसाचे तंतू उडत असतात, एक ठिणगी पडली तर खाते पेटेल. म्हणून मी मुंबईहून नव्या पद्धतीचे काचेचे बल्ब मागवले. आत धातूचा पातळ कागद असतो, बॅटरीच्या तारेने तो काचेच्या आतच जळतो. एक बल्ब एकदाच. त्याचा उजेड पापणी लवायच्या आत संपतो आणि फार लांब जात नाही. पहिल्या दोन रांगा उजळतात, बस्स. मागच्या चार रांगा त्या आठ सेकंदांच्या संथ उजेडावरच उमटायच्या.

म्हणजे एकाच प्लेटवर दोन कामे. लेन्सची टोपी काढायची, लगेच बल्ब उडवायचा, आणि मग घड्याळात बघत आठ सेकंद स्वस्थ उभे राहायचे.

मागांच्या खडखडाटात तिथे बोललेले ऐकू येत नाही. जमीन हादरत असते. कॅमेऱ्याच्या तिपाईखाली मी गोणपाटाच्या घड्या घातल्या. मॅनेजरांनी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितले, "माणसं पुतळ्यासारखी नकोत! नेहमीचं काम चालू दिसू द्या!" मी शिवप्पाला सांगितले, त्याने हातवारे करून खात्याला सांगितले. टोपी काढली. बल्ब उडाला. दोन-चार जणांनी डोळे चोळले. आठ सेकंद झाले, टोपी लावली. निघण्यापूर्वी वहीत लिहिले: माग ४८, माणसे २४. प्रत्येक प्लेटला मी असे लिहितो. गिऱ्हाइके मागाहून "आमचा मामा का नाही आला?" असे भांडतात, म्हणून लागलेली सवय आहे.

प्लेट धुतली तेव्हा मी खूश झालो, हे कबूल करतो. सहावी रांगसुद्धा सुईसारखी स्पष्ट. मागांचे हलणारे भाग धूसर, त्यामुळे माग चालू आहेत हे लगेच कळत होते. माणसे मात्र कमी आली होती. त्यात मला नवल वाटले नाही. मागच्या रांगांत ज्याने आठ सेकंद जागा सोडली नाही तो उमटला. जो इकडून तिकडे गेला तो उमटला नाही, कारण एका जागी तो सेकंद-दीड सेकंद असतो आणि त्याच्या मागचा माग पूर्ण आठ सेकंद. प्लेट ज्याला जास्त वेळ पाहते त्याचेच चित्र ठेवते. मंडईत दुपारी अशी लांब प्लेट घेतली तर मंडई ओस पडलेली दिसेल.

बुधवारी मी प्रिंट घेऊन मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी ती खिडकीपाशी नेली. खिशातली पेन्सिल काढली आणि टोकाने माणसे मोजू लागले. मला वाटले, बारकाईने बघतात, चांगले आहे.

"बारा," ते म्हणाले. "आणि हा पुढचा एक अर्धवट. हा काय प्रकार?"

"तो बल्ब उडाला तेव्हा तिथे होता. मग चालत गेला. म्हणून त्याच्यातून मागचा माग दिसतो."

"पुसून टाका."

"साहेब?"

"रिटचिंग करता ना तुम्ही? बायकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण काढता, मग हा एक माणूस काढायला काय झालं? आणि खाली पांढऱ्या अक्षरांत लिहा. अठ्ठेचाळीस माग, बारा विणकर."

"विणकर चोवीस होते, साहेब."

"तुम्हाला यात चोवीस दिसतात?"

"यात दिसत नाहीत. खात्यात होते. माझ्या वहीत लिहिलं आहे."

"मिस्टर जोशी, तुम्ही फोटोग्राफर की टाइमकीपर? फोटोत जे दिसतं ते खाली लिहायचं. कॅमेरा खोटं बोलत नाही, असं तुमच्याच पाटीवर आहे ना?"

ते होते. स्टुडिओच्या पाटीवर मीच रंगवून घेतले होते. "बघतो" म्हणून मी प्रिंट उचलली आणि घरी आलो. हा माझा पहिला दोष. तिथेच नाही म्हणायला हवे होते.

गुरुवारी मिलची पाळी सुटल्यावर नरसय्या स्टुडिओत आला. पहिल्या रांगेतला विणकर, चाळिशीचा. बापाच्या घरी हातमाग, हा मिलमध्ये. फोटो निघणार म्हणून मंगळवारी नवा तांबडा पटका बांधून कामावर आला होता, ते माझ्या लक्षात होते. त्याला एक प्रत हवी होती. मुलगी गुलबर्ग्याकडे दिलेली, तिला धाडायची होती. मी आठ आणे सांगितले, तो हो म्हणाला. प्रिंट समोर ठेवली.

"ह्यो माझा माग," त्याने बोट ठेवले. "अन् ह्यो मीच हाय की! पर मास्तर, माझ्या पोटातनं मागाचा दांडा कसा दिसतोय?"

"तुम्ही मध्येच हललात म्हणून." गिऱ्हाईक म्हणून मी सगळ्यांना अहो-जाहो करतो.

तो हसला. "आमची बायको म्हनतीच, कितीबी खावा, तुमच्या अंगाला लागत न्हाय. आता फोटूच दावतो तिला."

"पण गेला होतात कुठे?"

"कुटं जानार? दुसऱ्या मागाकडं. तिकडं धोट्यातली कांडी संपली. सूत संपलं की नवी कांडी घालायला पायजे, न्हायतर माग रिकामा चालतोय. एका मान्साला दोन माग हायत, दोनीकडं बघावं लागतंय. तुमीच सांगितलं न्हवं, काम चालू ठिवा म्हनून?"

मीच सांगितले होते. तो प्रिंट डोळ्यांजवळ घेऊन मागच्या रांगा शोधू लागला.

"राजय्या कुटं हाय? हुसेन? त्यो तर ह्या खांबापाशी हुता. मास्तर, ह्यात निम्मी मान्सं न्हाईत की."

"जी हलली ती दिसत नाहीत. अकरा जण."

नरसय्याचे हसू गेले. त्याने प्रिंट टेबलावर ठेवली, अगदी हळू.

"खात्यात बोलत्यात," तो म्हणाला, "मालक एकाला चार माग देनार. निम्म्यांना घरी बशिवनार. मुंबईचं शेट शनवारी येनार हायत. त्यास्नी ह्योच फोटू दावनार का?"

अठ्ठेचाळीस भागिले बारा. चार. मला हे बुधवारी खिडकीपाशीच कळायला हवे होते. भागाकार काही अवघड नव्हता. जी माणसे काम करत होती तीच नेमकी दिसत नव्हती. जी आठ सेकंद हलली नाहीत ती दिसत होती. आणि त्यावरून ठरणार होते की काम करायला इतकीच माणसे पुरतात. अकरा जण माझ्या लेन्सने पुसले होते. बाराव्याला, म्हणजे समोर उभ्या असलेल्या नरसय्याला, मी रिटचिंगच्या चाकूने खरवडून पुसायचे होते. त्याचे मला बारा रुपये मिळणार होते.

मॅनेजरांनी हे मुद्दाम जमवून आणले असे मी म्हणणार नाही. त्यांना कॅमेऱ्यातले काही कळत नव्हते. पण त्यांच्या खात्यात किती माणसे आहेत हे तर कळत होते! सोयीची चूक हाती आली आणि त्यांनी ती खिशात घातली. मला राग आला तो याचा.

घरी मी हे सांगितले. आमचे कुटुंब पोळ्या लाटत होते. ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाजीवालीकडून दोन वांगी जास्त आली तर तुम्ही उन्हातनं परत द्यायला जाता. आता अकरा माणसं ठेवून घेणार का?"

शुक्रवारी मी प्रिंटखाली माझ्या हाताने लिहिले: "माग ४८. हजर विणकर २४. पैकी स्पष्ट दिसतात १२, अर्धवट १, हलल्यामुळे दिसत नाहीत ११. प्लेट ८ सेकंद उघडी." नरसय्याला पुसले नाही. मॅनेजरांनी ते वाचले, प्रिंट ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर बंद केला.

"साधी प्रिंट द्या. खाली काही न लिहिलेली. बाकी शेठना मी सांगेन."

काम त्यांचे होते, प्लेट त्यांची होती. साधी प्रिंट अडवून ठेवण्याचा मला हक्क नव्हता. दिली.

शनिवारी कचेरीच्या फोटोसाठी गेलो. कचेरी म्हणजे लांबट हॉल. टेबलापाशी डायरेक्टर बसलेले, पांढरी टोपी, सावकाश बोलणारे गृहस्थ. शेजारी हेडक्लार्क. मॅनेजर बसलेच नव्हते. ते हॉलच्या टोकाला नकाशापाशी, मग कपाटापाशी, मग पुन्हा नकाशापाशी. माझी तिपाई लावून होत होती, तेवढ्यात ती साधी प्रिंट त्यांनी शेठच्या हातात दिली.

"ही पाहा, शेठ. बारा माणसं आणि अठ्ठेचाळीस माग चालू. एकाला चार माग जमतात, हे मी म्हणत होतो ते हेच. एक तारखेपासून निम्मे कमी करता येतील."

माझ्यासमोर. मी काळ्या कापडाखाली होतो म्हणून मी तिथे नाही असे त्यांना वाटले असेल. बाहेर येऊन भांडावे असे वाटले. पण भांडून काय होणार? एक फोटोग्राफर मोठ्याने बोलला, एवढेच. मी कापड बाजूला केले.

"शेठ, मंगळवारी मागखात्यात घेतला तसाच हा फोटो घेतो. तेच भोक, तेच आठ सेकंद, तसाच बल्ब. पुतळ्यासारखं बसायचं नाही. नेहमीचं काम चालू ठेवा."

"आमचं काम तर बसण्याचंच," शेठ म्हणाले. क्लार्क हसला नाही; हसण्याची परवानगी आहे की नाही याची त्याला खात्री नसावी.

टोपी काढली. बल्ब उडाला, टेबल उजळले. मॅनेजर नेहमीचे काम करत होते. नकाशावर बोट ठेवले, कपाट उघडले, फाइल काढली, परत ठेवली, नकाशाकडे आले. आठ. टोपी लावली.

शेठ रात्रीच्या मेलगाडीने जाणार होते. मी घरी धावलो, प्लेट धुतली, ती सुकते न सुकते तोच प्रिंट काढली, आणि पाच वाजता ओलसर प्रिंट टीपकागदात घालून परत आलो. चहा चालला होता. मी प्रिंट मॅनेजरांकडे न देता शेठपुढे ठेवली.

शेठ छान उमटले होते. क्लार्कच्या कोटाची गुंडीसुद्धा दिसत होती. मागे नकाशा, कपाट, पांढरी भिंत. भिंतीवर थोडा धुरकट डाग.

"अरे, यात मॅनेजर कुठे?" शेठनी विचारले.

"तिथेच होते, शेठ. पूर्ण आठ सेकंद. काम करत होते, म्हणून दिसत नाहीत."

प्रिंटखाली मी लिहिलेले होते: "कचेरी. हजर इसम ३. दिसतात २."

शेठनी मान वर केली. टेबलावर पडलेली मागखात्याची साधी प्रिंट उचलून हिच्या शेजारी ठेवली. बराच वेळ दोन्ही पाहिल्या. मी म्हणालो, "मागांवर हजर चोवीस होते. काम करणारे अकरा यात नाहीत. हा पुढचा तांबड्या पटक्याचा अर्धा आहे, तो दुसऱ्या मागाची कांडी बदलायला गेला. एका माणसाला दोनच माग असतानाही त्याला पळावं लागलं."

"फोटोग्राफरची चूक आहे ही," मॅनेजर म्हणाले. "टेक्निकल चूक."

"चूक असती तर प्लेट फुकट दिली असती," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, ते मला कळत होते. "शुक्रवारी चोवीस लिहून आणलेली प्रिंट तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. काढा."

मॅनेजरांनी ती काढली नाही. शेठनी क्लार्कला शिवप्पाला बोलावून हजेरीचे मस्टर आणायला सांगितले. शिवप्पाने मंगळवारचे पान उघडले आणि मोठ्याने मोजले. चोवीस. शेवटी शेठ मॅनेजरांना म्हणाले, "चार मागांचं काय करायचं ते चालवून बघू. फोटो बघून नाही. एक तारखेचं राहू द्या."

शेठ काही संत नव्हते. त्यांनी खरोखरच महिनाभर चार जणांना चार-चार माग देऊन पाहिले. कापडात इतके दोष आले की ती गोष्ट त्या साली बारगळली. चोवीस माणसे चोवीसच राहिली. पुढे काही वर्षांनी तीन मागांची पद्धत आलीच. पण ती भांडून, मोजून, वाटाघाटी करून आली. माझ्या प्लेटवरून आली नाही, एवढेच मी माझ्या पदरात घेतो.

त्या दिवसापासून प्रत्येक प्रिंटच्या मागे मी शाईने लिहितो: किती सेकंद, हजर किती, दिसतात किती. पाटीवरचे कॅमेरा खोटे बोलत नाही हे वाक्य काढून टाकले. रंगाऱ्याने विचारले, त्याजागी काय लिहू? मी म्हटले, काही नको.

आता पैशांचे. छत्तीस रुपयांच्या बिलापैकी चोवीस मिळाले. तिसऱ्या प्लेटचे बारा मॅनेजरांनी कापले आणि बिलावर स्वतःच्या अक्षरात शेरा मारला: "इसम हजर असून फोटोत दिसत नाही, सबब नामंजूर." खाली सही. ते बिल मी जपून ठेवले आहे. बारा रुपयांत मला इतकी चांगली कबुली दुसरीकडे कुठे मिळाली असती?

नरसय्याचा फोटो मी पुढच्या रविवारी स्टुडिओत पुन्हा घेतला, तांबड्या पटक्यासकट. पैसे नकोत म्हणालो.

"का नगं?" तो म्हणाला. "ह्या खेपेला मी पुरा आलोय की."

आठ आणे. नरसय्याकडून मला. पावती दिली.